उणे चार तृतीयांश

साळवेसर फळ्यावर बटाटा फार सुरेख काढत.

डबल इंटिग्रल शिकवायचं तर आधी एक प्रदेश लागतो, सगळीकडून बंद, वाकड्यातिकड्या कडेचा. पुस्तकांनी त्याला काय वाटेल ते म्हणावं, उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात त्याला बटाटाच म्हणत, आणि ते नाव सरांनीच पाडलेलं होतं. खडू एकदा टेकला की बटाटा पुरा होईपर्यंत उचलायचा नाही. मग पिशवीतून हातभर सागाची पट्टी निघायची. फर्निचर बाजारातल्या कुणा विद्यार्थ्याने रंधा मारून आणून दिलेली. ती उभी धरून बटाट्यावरून डावीकडून उजवीकडे सरकवत ते ओरडायचे, "आत कुठून शिरली?"

"खालच्या कडेतून!" वर्ग ओरडायचा.

"बाहेर कुठून पडली?"

"वरच्या!"

"मग तीच तुमची लिमिटं. यात पाठांतराचं काही नाही. डोळे असले की झालं."

हे मी पहिल्यांदा व्हरांड्यातून पाहिलं तेव्हा नाक मुरडलं होतं. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलेलं. मी पंचवीस वर्षांची, सुवर्णपदकवाली, बदलापूर गावातून स्टार्चची साडी सांभाळत येणारी नवी लेक्चरर. प्रौढ दिसावं म्हणून अंबाडा घालायचे. त्यात इतक्या पिना खोचलेल्या असत की डोकं दुखायचं, आणि ते दुखणं मला विद्वत्तेचं वाटायचं. वर्गात मी प्रमेयं इतक्या गोड आवाजात सांगायचे की मुलं गुंगून जात. सरांनी एकदा माझा तास बाहेरून ऐकला आणि स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार छान शिकवता. मुलांना कळत काही नाही, पण त्यांना छान वाटतं."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सर अंबरनाथचे. वडील कारखान्यात फिटर. छप्पन साली घराने दीक्षा घेतली तेव्हा सर पाच-सहा वर्षांचे होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, खिशाला एकच पेन. स्टाफरूममध्ये ते कधी बसत नसत. खिडकीशी उभे राहून डबा खात. त्यांना कपाट नव्हतं. कपाट कायम नोकरीवाल्यांना, आणि सर आठ वर्षं हंगामी होते. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला मुक्ती. म्हणून पुस्तकं, खडू, पट्टी, सगळा संसार एका कापडी पिशवीत.

मीही हंगामीच होते. एक बाई लांबच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागेवर. पण माझं हंगामी असणं वेगळं आणि त्यांचं वेगळं, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं नव्हतं. मी मोठ्या उदार मनाने म्हटलं, "तुम्हाला काय काळजी सर, तुमची जागा राखीवच आहे."

"आहे ना," सर पोळीचा तुकडा मोडत म्हणाले. "आठ वर्षं राखून ठेवलीय. कुणाला बसू देत नाहीत. मलासुद्धा."

खरंच तसं होतं. विभागात एक राखीव जागा होती. तिची जाहिरात निघायची, मुलाखत व्हायची, सर आत जाऊन बाहेर यायचे, आणि कागदावर शेरा पडायचा: योग्य उमेदवार मिळाला नाही. आणि जूनमध्ये तोच अयोग्य उमेदवार पुन्हा हंगामी म्हणून तेच वर्ग शिकवायला उभा. असं ठरावीक वेळा झालं की जागा खुली करता यायची. मी लागले त्या वर्षी हिशेब शेवटच्या मुलाखतीवर आला होता. पुढच्या जूनची मुलाखत हुकली की सरांची जागा गेली. हे सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, विभागप्रमुखांना तर होतंच. या प्रमुखांचं नाव मी लिहीत नाही. आता मला नातवंडं झाली, दात गेले, तरी त्यांच्या नावाला मी घाबरते. हसा खुशाल.

मी त्या काळी पुरोगामी होते बरं का. म्हणजे सरांच्या डब्यातली भाजी खायचे. आणि चार जणांना दिसेल अशा बेताने खायचे. सर डबा पुढे करताना एकदा म्हणाले, "मॅडम, आज स्टाफरूममध्ये कुणी नाहीये. तरी घेणार का?"

मुलांशी मात्र ते कडक होते, कधी कधी क्रूर. चित्र न काढता थेट आकडेमोड सुरू करणाऱ्याची वही ते बंद करून परत देत, एक अक्षर न बोलता. शाबासकी तर नाहीच. डबल इंटिग्रलमध्ये कधी क्रम बदलायचा असतो, म्हणजे उभ्या पट्टीऐवजी आडवी पट्टी घ्यायची. काही गणितं उभ्या पट्टीने जन्मभर सुटत नाहीत आणि आडव्या पट्टीने तीन ओळींत सुटतात. पण पट्टी आडवी केली की ती आत शिरते कुठून, बाहेर पडते कुठून, हे सगळं नव्याने बघावं लागतं. आमची पोरं काय करायची? एका सिंधी मुलाने तर सरळ विचारलं, "सर, लिमिट वोही ठेवतो ना? सिर्फ डीएक्स-डीवाय उलटा करतो."

"वा रे साईं," सर म्हणाले. "घर बदललंस, आणि चावी जुनीच घेऊन फिरतोयस? कुणाचं दार उघडणार आहेस?"

त्या मुलाचे कान लाल झाले. पण सुटल्यावर सर त्याला घेऊन रिकाम्या वर्गात बसले आणि अंधारून येईपर्यंत त्याच्याकडून पट्ट्या आखून घेतल्या. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता.

त्या हिवाळ्यात ते वर्गाला बारवी धरणावर घेऊन गेले. मुली बरोबर होत्या म्हणून कॉलेजने मला पाठवलं. मी टाचेच्या चपला घालून गेले. पहिल्याच बांधावरून घसरले आणि उरलेला दिवस एका चपलेने काढला, तरी चेहरा असा की जणू हीच पद्धत आहे. सरांनी मुलांना पाण्याच्या कडेचा नकाशा काढायला लावला. "हा बघा खरा बटाटा." मग त्यावर चौकटी आखल्या आणि म्हणाले, "आता प्रत्येक चौकटीत पाणी किती खोल ते हवं."

"कसं मोजणार सर? नाव कुठाय?"

काठावर एक म्हातारा गुरं घेऊन बसला होता, जवळच्या पाड्यावरचा. सर त्याच्याशेजारी मातीत मांडी घालून बसले. स्टाफरूममध्ये खुर्ची न घेणारा माणूस. नकाशा दाखवत त्यांनी विचारलं, "बाबा, इथे किती पाणी असेल?"

म्हाताऱ्याने कागदाकडे पाहिलंच नाही, पाण्याकडे पाहिलं. "तय माजी खाचरं व्हती. तय चार पुरुस पानी."

"आणि त्याच्या पलीकडे?"

"तो उतार व्हता. तय पाच. आमचा घर व्हता तय सा."

चौकटीमागून चौकट तो सांगत गेला. पाण्याखालचा बांधन् बांध त्याला पाठ होता. एक पुरुस म्हणजे माणूसभर खोली; मुलं आकडे भरत गेली, क्षेत्रफळाने गुणत गेली, बेरीज करत गेली. सर म्हणाले, "चौकटी लहान लहान करत न्या, ही बेरीज जिथे पोचेल ते डबल इंटिग्रल. दुसरं काही नाही." मुलांचे चेहरे उजळलेले मी पाहिले. माझ्या तासाला कधी तसे उजळले नव्हते.

म्हाताऱ्याने विचारलं, "मोजून काय मिलल?"

"मिळणार काही नाही, बाबा. पण मोजणी खरी झाली."

"आमची जमीन मोजली तवा उनी भरली," म्हातारा म्हणाला आणि गुरांमागे उठला.

सरांनी नकाशाची घडी घातली आणि मातीतून उठले.

एप्रिलमध्ये उत्तरपत्रिका तपासायला आम्ही शेजारच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये जमलो. पेपर आमच्या प्रमुखांनी काढला होता, तपासणीचे मुख्यही तेच. जूनच्या मुलाखतीत मधल्या खुर्चीवर बसणारेही तेच. तिसऱ्या प्रश्नात आठ गुणांचं एक डबल इंटिग्रल होतं. दुपारी सर माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, चहाला चला."

कँटीनमध्ये त्यांनी प्रश्नपत्रिका पुढे सरकवली. "चित्र काढा."

मी पर्समधला एक जुना लिफाफा काढला आणि त्याच्या पाठीवर चित्र काढलं. एक रेष खालून चढत जाते, दुसरी वरून उतरत येते. एक या आकड्यावर दोघी एकमेकींना छेदतात. तिथे प्रदेश संपायला हवा. पण प्रश्नात लिमिट छापलं होतं दोनपर्यंत. एकाच्या पुढे खालची रेष वर जाते, वरची खाली येते, आणि पट्टी डोक्यावर उभी राहते. त्या भागाचं उत्तर उणे येतं.

"प्रमुखांनी गाइडातून उचललंय," सर म्हणाले. "गाइडात एक आहे. उतरवताना दोन झालं. आदर्श उत्तर मात्र गाइडातलंच, एक तृतीयांश. आता छापलंय ते सोडवा."

मी सोडवलं. उणे चार तृतीयांश. पुन्हा सोडवलं. तेच.

"माझ्या गठ्ठ्यात बावीस मुलांनी हेच काढलंय. आदर्श उत्तराप्रमाणे त्यांना शून्य द्यायचं. आणि प्रश्न न वाचता गाइड ओकलेल्यांना आठात आठ."

माझी चहाची बशी हातात तशीच राहिली. "सर, तुम्ही यात पडू नका. दीड महिन्यावर मुलाखत आहे. शेवटची."

"मला माहितीये."

"मग या वर्षी तरी गप्प बसा. पुढच्या वर्षी कायम झालात की हवं ते बोला."

"पोरांनी छापलंय तेच सोडवलंय, मॅडम," ते म्हणाले. "त्यांचा निकाल या वर्षी आहे." मग प्रश्नपत्रिकेची घडी घालत, "मी बोलतो. माझ्या एकट्याचं ते ऐकणार नाहीत. तुम्ही फक्त म्हणा, मीही काढलं, तेच आलं. तेवढंच."

"म्हणजे काय सर! म्हणणारच!" सुवर्णपदक छातीवर असल्यासारखी मी उठले.

हॉलमध्ये सरांनी शांतपणे सगळं मांडलं. आवाज चढवला नाही. प्रश्नच चुकलाय, दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत, एवढीच मागणी. प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, घातला. प्रश्नपत्रिकेकडे पाहिलंच नाही.

"साळवे, आठ वर्षं झाली, अजून तुम्हाला कळत नाही कुठे काय बोलावं. हे काही मोर्चाचं मैदान नाही." मग माझ्याकडे वळून अगदी लेकीला विचारावं तसं, "काय हो मॅडम? तुम्ही तर हुशार. तुमचं काय म्हणणं?"

तीस-पस्तीस परीक्षक बघत होते. लिफाफा माझ्या पर्समध्ये होता, पर्स माझ्या मांडीवर.

"सर, मी... मी अजून ते सोडवून बघितलेलं नाही," मी म्हटलं.

माझा आवाज नेहमीसारखाच गोड होता. तेच मला आजही सहन होत नाही.

साळवेसरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी त्या बावीस मुलांना आठ-आठ गुण दिले, वर चिठ्ठी जोडली, सही केली आणि गठ्ठा टेबलावर ठेवून निघून गेले. प्रमुखांनी तो गठ्ठा उचलून माझ्यापुढे ठेवला. "आदर्श उत्तराप्रमाणे जरा बघून घ्या. तुमच्यावर विश्वास आहे माझा." मी बघून घेतला. लाल पेनाने बावीस वेळा आठावर काट मारली, शेजारी शून्य काढलं, आद्याक्षरं घातली. माझं अक्षर सुंदर होतं. शून्यं अगदी गोल आली होती.

घरी येऊन मी आईला सांगितलं की आज फार काम पडलं, आणि तिने मला आलं घालून चहा दिला. मी तो प्यायलासुद्धा.

जूनच्या मुलाखतीत सरांना गणितावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. "सहकाऱ्यांशी तुमचं जमतं का?" असं विचारलं म्हणे. सर म्हणाले, "काहींशी जमतं असं वाटायचं." शेरा पडला: योग्य उमेदवार मिळाला नाही. त्या वर्षी त्यांना हंगामी ऑर्डरही आली नाही. पुढच्या वर्षी जागा खुली झाली आणि तिच्यावर मी लागले. सगळे म्हणाले, गुणवत्तेवर. मीही तेच म्हणाले. मी इतकी वेडी होते की कपाटाची किल्ली मिळाली त्या दिवशी पेढे वाटले.

सर काही कागद न्यायला त्याच आठवड्यात आले होते. मी पेढ्याचा बॉक्स घेऊन त्यांच्यापुढे गेले. का गेले, कोण जाणे; न जाण्याइतकी लाज तेव्हा नव्हती. त्यांनी पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाले, "अभिनंदन मॅडम. आता तुम्ही कायम. आता बोलू शकता."

मी हसले. मला ते विनोदाने म्हणाले असं वाटलं. खरं सांगू? तसं वाटून घेतलं.

त्यानंतर ते अंबरनाथला दहा बाय बाराच्या खोलीत इंजिनिअरिंगच्या मुलांचे क्लास घेत. कुठे तासांवर शिकवत, कुठे सहा महिने, कुठे वर्षभर. त्यांच्याकडे शिकलेली मुलं अमेरिकेपर्यंत गेली, आणि माझ्याकडे शिकलेली माझ्या पाया पडायला येत. पाया पडून घेण्यात मी पटाईत झाले होते. मी बोलू शकत होते, पण बोलले नाही. प्रमुख निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या निरोपाचं भाषणही मीच केलं, टाळ्या पडल्या.

दहाएक वर्षांनी, नव्वदचं दशक सरत आलेलं, मी विभागप्रमुख झाले होते. एक दिवस सर दारात उभे. केस पांढरे, शर्ट तसाच कडक. दूर कुठल्याशा तालुक्याच्या कॉलेजात कायम जागा निघाली होती. वयाची शेवटची सवलत संपायला थोडेच दिवस होते, आणि इथल्या आठ वर्षांच्या अनुभवाचा दाखला हवा होता. सही विभागप्रमुखाची.

मी क्लार्कला बोलावून जुनी फाइल मागवली. दाखला टाइप होऊन आला. तोवर सर उभेच. मी तीनदा म्हटलं बसा. तिसऱ्यांदा ते खुर्चीच्या कडेवर टेकले. फाइलीत प्रमुखांच्या अक्षरात एक ओळ होती: सहकार्याची वृत्ती नाही. मी ती दाखल्यात घेतली नव्हती, आणि त्याचं मला मनातून भारी कौतुक वाटत होतं.

क्लार्क गेल्यावर मी उठून केबिनचं दार लोटलं. परत येऊन उभी राहिले.

"सर," मी म्हटलं, "त्या दिवशी माझंही उणे चार तृतीयांशच आलं होतं. दोनदा."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दार लावून सांगताय, मॅडम," ते म्हणाले.

रागाने नाही. वहीतली चूक दाखवावी तसं. मी दार उघडायला हवं होतं. बाहेर सहा जणांची स्टाफरूम भरलेली होती. दार उघडून तेच वाक्य पुन्हा म्हणायला हवं होतं. चार पावलांचं अंतर होतं. मी टेबलामागे जाऊन बसले, सही केली आणि शिक्का मारला. शिक्का जरा जास्तच ओला पडला.

सरांनी दाखला ओळ न् ओळ वाचला. रुजू झाल्याच्या आणि मुक्त केल्याच्या आठ जोड्या तारखा बोट ठेवून तपासल्या. "बरोबर आहे," म्हणाले आणि उठले. आभार मानले नाहीत, बरं केलं.

ती नोकरी त्यांना मिळाली का, मला माहीत नाही. विचारायला माणसं होती. मी विचारलं नाही.

मी खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर फर्निचरवाल्यांच्या हातगाड्या, टेंपो, कॉलेज सुटलेल्या पोरांची गर्दी. त्या गर्दीतून सर स्टेशनच्या दिशेने चालले होते. शाई वाळलेली नव्हती, म्हणून कागद घडी न घालता दोन्ही तळहातांवर आडवा धरलेला, आणि कुणाचा धक्का लागू नये म्हणून दोन्ही कोपरं बाहेर काढलेली. एक कपाट घेऊन जाणारी हातगाडी आडवी आली. ते थांबले, कागद छातीपाशी उचलला, ती जाऊ दिली. मग पुन्हा तळहात पसरून, एक एक पाऊल बघून टाकत, चालू लागले.